शाळेची वाट दाखविणारा राजा

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे एक लहानसे खेडे आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी त्या खेड्यात काशीराव गायकवाड नावाचे एक शेतकरी राहत असत. बडोद्याच्या राजघराण्याशी त्यांचे दूरचे नाते होते. परंतु त्या नात्यावाचून वैभवाची दुसरी कोणतीही खूण त्यांच्या घरी नव्हती. काशीराव व उमाबाई ह्या दांपत्याच्या पोटी १८६३ च्या मार्च महिन्यात एक पुत्र जन्मास आला. त्याचे नाव गोपाळ असे ठेवण्यात आले. इतर शेतकऱ्यांच्या मुलांप्रमाणेच गोपाळचे बालपण शेतात व रानात गेले. बारा वर्षांचा झाला तरी त्याला लिहितावाचता येत नव्हते. खेड्यातील मुलाने शाळेचे तोंडही पाहू नये, ह्यात त्या काळी कोणासही काही वावगे वाटत नसे.

१८७५ साली ह्या मुलाच्या आयुष्याला अकस्मात वेगळे वळण लागले. बडोद्याचे महाराज मल्हारराव ह्यांना इंग्रज सरकारने पदच्युत केले. गादीला वारस उरला नाही. तेव्हा मल्हाररावांचे दिवंगत बंधू खंडेराव ह्यांच्या पत्नी महाराणी जमनाबाई ह्यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाडांच्या वंशातील मुलांचा शोध सुरू झाला आणि काशीराव आपल्या मुलांना घेऊन बडोद्यास आले. असे सांगतात की, तुम्ही येथे कशासाठी आला आहात, असे त्या मुलांना विचारण्यात आले. इतर मुले गोंधळली. पण गोपाळने, आपण राज्य करण्यासाठी आलो आहोत, असे न अडखळता सांगितले. २७ मे १८७५ रोजी त्याचे दत्तकविधान झाले आणि गोपाळचे सयाजीराव झाले.

राजवाडा मिळाला, रत्ने मिळाली, हत्तीघोडे मिळाले; परंतु अक्षरओळख कोणाला दत्तक घेऊन देता येत नाही. ती ज्याची त्यानेच कष्टाने मिळवावी लागते. इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकांच्या देखरेखीखाली बालमहाराजांचा अभ्यास सुरू झाला. ज्या वयात इतर मुलांची प्राथमिक शाळा संपत येते, त्या वयात सयाजीराव मुळाक्षरे गिरवीत होते. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा त्यांना शिकावयाच्या होत्या. गणित, इतिहास व भूगोल हे विषय होते, आणि घोडेस्वारी व व्यायामही होता. प्रत्येक दिवस वेळापत्रकाने बांधलेला असे. प्रारंभी ह्या अभ्यासाचे त्यांना ओझे वाटले असल्यास नवल नाही. परंतु त्यांनी चिकाटी सोडली नाही. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराची सर्व सूत्रे त्यांच्या हाती आली, तेव्हा सहा वर्षांपूर्वीचा तो निरक्षर मुलगा एक सुविद्य तरुण झाला होता.

हाती सत्ता येताच महाराज राज्यभर दौरे काढू लागले. बडोदे संस्थानचा मुलूख सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी व अमरेली अशा प्रांतांत तो विखुरलेला होता. ठिकठिकाणी त्यांना रानात गुरे राखणारी, शेतात पाखरे हाकणारी, धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरणारी मुले दिसत. कवळाण्याचे दिवस ते विसरले नव्हते. दैवयोगाने आपल्याला विद्या मिळाली. पण असा दैवयोग ह्या हजारो मुलांच्या वाट्याला कसा येणार, हा प्रश्न त्यांना पडला.

नुसत्या शाळा उघडून हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. शाळा असली तरी मुले तिच्यात येत नसत, आणि पटावर नाव घातले तरी पेरणीच्या व कापणीच्या दिवसांत वर्ग ओस पडत. मुलींचे नाव तर पटावर क्वचितच चढे. मुले शाळेत येत नाहीत ती केवळ कंटाळा म्हणून नव्हे. त्यांच्या हातांची घरात गरज असते आणि शिक्षणाचा उपयोग आईबापांना दिसत नाही, म्हणून ती घरी राहतात, हे महाराजांनी ओळखले. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती. इंग्रज सरकारने तिकडे लक्ष दिले नाही. महाराजांनी मात्र आपल्या राज्यात तो प्रयोग करून पाहण्याचे ठरविले.

प्रयोगासाठी त्यांनी काठेवाडातील अमरेली हा दूरचा व मागासलेला भाग निवडला. तेथे योजना यशस्वी झाली तर ती कोठेही होईल, असा त्यामागे विचार होता. १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही निवडक गावांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्यात आले. गावातील शाळेच्या वयाच्या मुलामुलींची यादी तयार होई. यादीत नाव असूनही जे मूल शाळेत येत नसे, त्याच्या पालकांना आधी सूचना मिळे. सूचनेनंतरही मूल आले नाही, तर पालकांना दंड होई. आजारी अथवा अपंग मुलांना सूट होती. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गैरहजेरीबद्दल कायद्याने शिक्षा ठेवली ती मुलाला नव्हे, तर त्याला घरी ठेवून घेणाऱ्या मोठ्या माणसांना.

हा नियम लोकांना सहज रुचला असे मात्र नाही. मूल आमचे, त्याने शाळेत जावे की रानात जावे हे राजाने का ठरवावे, असे अनेकांस वाटे. गरीब शेतकऱ्याला मुलाची मदत तर गमवावी लागेच, आणि ते शाळेत गेले नाही तर पदरचे पैसेही भरावे लागत. दंडाचा हा भार गरिबांना जड जातो, अशी टीकाही झाली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. परंतु आज पोराच्या मजुरीने जे चार पैसे मिळतात, त्यांच्यापायी त्याचा सारा जन्म अंधारात जातो, हे महाराजांना स्पष्ट दिसत होते. म्हणून त्यांनी घाई केली नाही, तसेच माघारही घेतली नाही. अमरेलीतील अनुभव पदरी जमा झाल्यावर, १९०६ साली त्यांनी कायदा करून सर्व संस्थानात सक्तीचे शिक्षण सुरू केले.

सक्तीने मूल शाळेच्या दारापर्यंत येते. ते आत टिकावयाचे तर दारातील अडथळे दूर करावे लागतात. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांसाठी महाराजांनी शाळा व वसतिगृहे काढली. त्या शाळांत शिकविण्यास पुष्कळ सवर्ण शिक्षक तयार होत नसत. तेव्हा महाराजांनी मुसलमान शिक्षक नेमून काम चालू ठेवले. आदिवासींची वस्ती रानावनात विखुरलेली असल्याने त्यांच्या मुलांना रोज शाळेत येणे अवघड होते. त्यांच्यासाठी सोनगड येथे १८८५ साली वसतिगृह उघडण्यात आले.

शाळा सोडल्यावर काही वर्षांत मुले शिकलेले विसरून जातात, असेही आढळून आले. ज्याला वाचावयास काही मिळत नाही, तो वाचणे विसरतो. म्हणून महाराजांनी अमेरिकेतील ग्रंथपाल बॉर्डन ह्यांना १९१० साली बडोद्यास बोलाविले आणि गावोगावी ग्रंथालये स्थापण्यास उत्तेजन दिले. जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठविल्या जात. एका गावाने पुस्तके वाचून झाली की, पेटी पुढच्या गावी जाई.

ह्या सर्व प्रयत्नांचे फळ लवकरच दिसून आले. १९०९ साली इंग्रजी मुलखात शाळेच्या वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे २१ मुले व शंभर मुलींपैकी अवघ्या ४ मुली शाळेत जात होत्या. त्याच वर्षी बडोदे संस्थानात हे प्रमाण मुलांमध्ये शेकडा ७९ हून अधिक व मुलींमध्ये शेकडा ४७ हून अधिक होते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी बडोद्याचा हाच दाखला देऊन, साऱ्या देशात सक्तीचे शिक्षण सुरू करण्यासाठी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात विधेयक मांडले. १९१२ साली ते फेटाळले गेले; परंतु विचार मात्र मागे पडला नाही. १९१७ साली कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनीही आपल्या संस्थानात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी सयाजीराव महाराजांचे निधन झाले. त्यानंतर एकाहत्तर वर्षांनी, १ एप्रिल २०१० पासून, सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशात अमलात आला. मुलाला शाळा मिळवून देणे व ते शाळेत येते की नाही हे पाहणे, हे ह्या कायद्याने शासनाचेच कर्तव्य ठरविले आहे.

रोज सकाळी वर्गात हजेरी घेतली जाते. आपले नाव पुकारले जाताच आपण सहज उत्तर देतो, आणि तो विषय तेथेच संपतो. परंतु त्या हजेरीपटावर प्रत्येक मुलाचे नाव यावे, ह्यासाठी एका राजाने आपली सत्ता, संपत्ती व आयुष्याची अनेक वर्षे वेचली होती. बाराव्या वर्षापर्यंत त्याचे स्वतःचे नाव कोणत्याही पटावर नव्हते, आणि हे तो कधी विसरला नाही.