निःशस्त्र पहारेकरी : कमलेश कुमारी

गोळी झाडणारा समोर पोलिस पुरुष आहे की स्त्री, हे पाहत नाही. मात्र त्या गोळीला उत्तर देण्याचे साधन कोणाच्या हाती द्यायचे, हे ठरवताना आपली व्यवस्था हा भेद करीत आली आहे. केंद्रीय राखीव पोलिस दलातील शिपाई कमलेश कुमारी यादव यांचे जीवन आणि बलिदान हे याचे जिवंत उदाहरण होय.

उत्तर प्रदेशातील कनौज जिल्ह्यातल्या कमलेश १९९४ मध्ये दलात दाखल झाल्या. सुरुवातीची सेवा त्यांनी अलाहाबादेत शीघ्र कृती दलात बजावली. जुलै २००१ मध्ये त्या ८८ व्या महिला बटालियनमध्ये रुजू झाल्या. १९८६ मध्ये उभारलेली ही दलाची पहिली महिला बटालियन. संसद अधिवेशनाच्या काळात त्यांची नेमणूक संसद भवनाच्या फाटकावर झाली. तेथे येणाऱ्या महिलांची झडती घेणे, हे महिला शिपायांचे प्रमुख काम. त्यामुळे त्यांना शस्त्र देण्याची गरज कोणाला भासली नव्हती. कमलेश यांच्या हाती होता तो केवळ वायरलेस संच.

१३ डिसेंबर २००१ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास गृह मंत्रालयाचे बनावट स्टिकर लावलेली पांढरी अँबॅसडर आवारात शिरली. संशय येताच कमलेश फाटक बंद करण्यासाठी धावल्या आणि ओरडून सहकाऱ्यांना सावध केले. अतिरेक्यांनी त्यांच्यावर ११ गोळ्या झाडल्या. मात्र धोक्याची सूचना तोवर पोहोचली होती. संसदेची दारे बंद झाली आणि पाचही हल्लेखोर बाहेरच मारले गेले. कमलेश यांच्यासह नऊ जणांना प्राण गमवावे लागले.

त्या दिवशी निःशस्त्र असलेल्या केवळ कमलेशच नव्हत्या. संसदेच्या सुरक्षा सेवेतील जगदीश प्रसाद यादव आणि मातबर सिंह नेगी यांनीही शस्त्राविना प्राणार्पण केले. मात्र त्यांच्या सेवेचे स्वरूपच तसे होते. कमलेश यांचे दल सशस्त्र होते. त्याच दलातील पुरुष जवान बंदुका घेऊन उभे होते. गणवेश एक, धोका एक, संरक्षण मात्र वेगळे!

२००२ मध्ये या तिघांनाही मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले. हा सन्मान मिळालेल्या कमलेश पहिल्या महिला शिपाई ठरल्या. दोन मुलींच्या या आईच्या शौर्याची नोंद देशाने घेतली, हे योग्यच झाले. परंतु महिलांना झडतीपुरते पोलिस मानण्याची वृत्ती जोवर उरते, तोवर त्या सन्मानाचे ऋण फिटले असे म्हणता येणार नाही.