विश्लेषण : अस्पृश्यता पाळणाऱ्या अधिकाऱ्याची पेन्शन बंद! शाहू महाराजांचे १९१९ चे आदेश नेमके काय होते?

अस्पृश्यतेला शिक्षा ठरवणारा देशव्यापी कायदा १९५५ मध्ये लागू झाला. त्याच्या ३६ वर्षे आधी कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी भेदभावाविरोधात आदेश काढले होते. या आदेशांचे वेगळेपण एका गोष्टीत आहे. आदेश पाळला गेला नाही तर कोणाला जबाबदार धरायचे आणि त्याचे काय करायचे, हे त्यातच लिहिलेले होते. आज अॅट्रॉसिटी कायद्यात तक्रार नोंदवून न घेणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध जे कलम आहे, त्यामागचा विचार शाहू महाराजांच्या कारभारात शंभर वर्षांपूर्वीच दिसतो.

कागलचे यशवंतराव ते करवीरचे छत्रपती

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू ठेवण्यात आले. राजकोट येथील राजकुमार कॉलेज आणि नंतर धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली.

त्या वेळी संस्थानाच्या सर्वसाधारण प्रशासनात ७१ जागा होत्या. त्यापैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. गावपातळीवर कुलकर्णी वतन वंशपरंपरेने चालत आलेले. म्हणजे वरून एखादा हुकूम निघाला, तरी तो अमलात आणायचा की कागदावरच ठेवायचा, हे ठरवणारे हात ठरावीक घरांतले होते.

वेदोक्त प्रकरणातून काय धडा मिळाला?

१८९९ मध्ये पंचगंगेवर स्नानाला गेले असता, राजपुरोहित आपल्यासाठी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे महाराजांच्या लक्षात आले. छत्रपतींनाही शूद्र मानले जात असल्याचा हा पुरावा होता. वेदोक्त पद्धतीने धार्मिक विधी करण्याचे आदेश देऊनही राजोपाध्ये यांनी ते मानले नाहीत. अखेर त्यांच्या इनाम जमिनी आणि हक्क काढून घेण्यात आले. प्रकरण ब्रिटिश अधिकाऱ्यांपर्यंत आणि पुढे व्हाईसरॉयपर्यंत गेले, पण महाराजांचा निर्णय कायम राहिला.

या प्रकरणाकडे अनेकदा केवळ धार्मिक वाद म्हणून पाहिले जाते. कारभाराच्या अंगाने पाहिले तर त्यात आणखी एक सूत्र दिसते. आधी स्पष्ट आदेश, मग मुदत, आणि तरीही नकार मिळाला तर पदासोबत येणारा लाभ बंद. पुढच्या वीस वर्षांत हे सूत्र वारंवार वापरले गेले.

१९०२ च्या आरक्षणात तिमाही अहवाल कशासाठी?

२६ जुलै १९०२ रोजी संस्थानाच्या नोकऱ्यांमध्ये मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. महाराज तेव्हा इंग्लंडमध्ये होते. हा आदेश सर्वांना माहीत आहे, पण त्यातील एका तरतुदीची चर्चा कमी होते. ज्या खात्यात मागासवर्गीयांचे प्रमाण ५० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तिथे पुढची नेमणूक त्याच वर्गातून करायची होती. शिवाय आदेशानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सादर करायचा होता.

म्हणजे आरक्षण जाहीर करून विषय संपवलेला नव्हता. कोणत्या खात्यात काय झाले, हे तपासण्याची सोय आदेशातच होती. मात्र नोकरीसाठी शिकलेले उमेदवारही हवेत. त्यासाठी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये दलित विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा निर्णय झाला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता.

गंगाराम कांबळे यांचे हॉटेल

शाहू महाराजांच्या आयुष्यातील एक प्रसंग कोल्हापुरात आजही सांगितला जातो. राजवाड्याच्या पागेत काम करणारे गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याच्या आरोपावरून सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परत आल्यावर त्यांनी मारहाण करणाऱ्यांना शिक्षा केली. कांबळे यांना स्वतःचा व्यवसाय सुरू करण्यासाठी मदत दिली आणि कांबळे यांनी शहरात चहाचे हॉटेल काढले. दलिताच्या हातचा चहा प्यायला कोण येणार, हा प्रश्न होताच. महाराज स्वतः तिथे चहा घेऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले.

प्रसंग मोठा आहे, पण त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. कांबळे यांना न्याय मिळाला, कारण ते राजवाड्यात नोकरीला होते आणि त्यांचे गाऱ्हाणे थेट राजापर्यंत पोहोचले. एखाद्या दूरच्या खेड्यात विहिरीवरून हाकलून दिलेल्या बाईचे गाऱ्हाणे कोण ऐकणार? तिच्या गावात सरकार म्हणजे पाटील आणि तलाठी. त्यामुळे आदेशाची पकड या दोघांपर्यंत जाणे गरजेचे होते.

१९१८ : आधी यंत्रणा बदलली

१९१८ मध्ये तीन महत्त्वाचे निर्णय झाले. पहिला, कुलकर्णी वतन रद्द करून त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमण्यास सुरुवात झाली. वतनदाराला वंशपरंपरागत हक्क असतो. पगारी नोकराला जाब विचारता येतो. तलाठ्याच्या जागांवर दलित तरुणांचीही नेमणूक करण्यात आली.

दुसरा निर्णय महार वतनाबाबतचा. या वतनाच्या मोबदल्यात संपूर्ण कुटुंब गावच्या कामाला बांधलेले असे. वतन रद्द करून त्या जमिनी रयतवारीने संबंधितांच्या नावे करण्यात आल्या.

तिसरा निर्णय हजेरीचा. महार, मांग, रामोशी, बेरड या समाजांतील लोकांना गुन्हेगार समजून गावकामगारांपुढे रोज हजेरी द्यावी लागत असे. ही पद्धत बंद करण्यात आली. काम शोधायला परगावी जायचे तरी जी परवानगी लागत होती, तिचा जाच त्यामुळे संपला.

१९१९ च्या आदेशांत नेमके काय होते?

जानेवारी १९१९ मध्ये वेगवेगळ्या खात्यांसाठी आदेश निघाले. महसूल, न्याय आणि इतर खात्यांतील अधिकाऱ्यांनी नोकरीत येणाऱ्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील व्यक्तींना समतेने वागवायचे होते. ज्या अधिकाऱ्याला हे मान्य नसेल, त्याने आदेश मिळाल्यापासून सहा आठवड्यांत राजीनामा द्यायचा होता. अशा अधिकाऱ्याला पेन्शन मिळणार नव्हती. शिक्षण आणि वैद्यकीय खात्यांनाही असेच आदेश होते. शाळेत विद्यार्थ्याला आणि दवाखान्यात रुग्णाला जातीवरून वेगळी वागणूक देता येणार नव्हती.

सप्टेंबर १९१९ मध्ये सार्वजनिक जागांबाबत आदेश निघाला. सार्वजनिक विहिरी, नदीचे पाणवठे, धर्मशाळा, सरकारी इमारती अशा ठिकाणी शिवाशीव पाळण्यास मनाई झाली. त्याचे उल्लंघन झाल्यास गावकामगार पाटील आणि तलाठी यांना जबाबदार धरले जाणार होते. त्याच वर्षी दलित मुलांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या शाळेत दाखल करण्याचा आदेश झाला.

यातली मेख अशी, की विहिरीवर अडवणारा माणूस कोण, हे शोधण्यावरच सर्व भिस्त ठेवलेली नव्हती. गावात अडवणूक झाली, एवढे सिद्ध होणे पाटील-तलाठ्याला अडचणीत आणण्यास पुरेसे होते. आपल्या हद्दीत आदेश पाळला जाईल हे पाहणे हा त्यांच्या नोकरीचाच भाग झाला.

आदेशांच्या मर्यादा कोणत्या?

हे सर्व एका राजाच्या अधिकारावर चालले होते. आदेश काढणारा, तपासणारा आणि शिक्षा देणारा शेवटी एकच होता. ब्रिटिश मुलखात किंवा शेजारच्या संस्थानांत त्याला काही अर्थ नव्हता. एकाच वर्षात खात्याखात्याला वेगवेगळे आदेश काढावे लागले, यावरून विरोध किती खोलवर होता हेही दिसते. शिवाय वेळ कमी मिळाला. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. ते अवघे ४७ वर्षांचे होते. १९१९ चे आदेश निघून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती.

राजाच्या मर्जीवर सगळे अवलंबून राहू नये, याची जाणीव मात्र त्यांच्या कामात दिसते. दलित तरुणांना वकिलीच्या सनदा देण्यात आल्या, त्या यासाठीच महत्त्वाच्या. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. तिथे महाराजांनी डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे पुढे केले. त्यांच्या मूकनायक पाक्षिकालाही आर्थिक मदत केली होती.

कोल्हापूरबाहेर काय झाले?

तुलनेसाठी मुंबई इलाख्याचे उदाहरण पाहता येईल. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात मंजूर झाला. सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या करण्याचा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही, आणि त्यासाठी कोणी जबाबदारही ठरले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा परतणाऱ्या सत्याग्रहींवर हल्ले झाले. ठराव होता, पण तो मोडणाऱ्याला आणि मोडू देणाऱ्याला शिक्षा नव्हती.

आजच्या कायद्यात ही जबाबदारी कुठे आहे?

राज्यघटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्यात शिक्षा आली. १९७६ च्या दुरुस्तीने त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले आणि तपासात जाणीवपूर्वक कुचराई करणाऱ्या लोकसेवकाला गुन्ह्यात साह्य करणारा मानण्याची तरतूद झाली.

१९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्यातील कलम ४ त्याही पुढे जाते. अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाने कर्तव्यात जाणीवपूर्वक कसूर केल्यास सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. हे कर्तव्य कोणते, याची यादी २०१५ च्या दुरुस्तीने दिली. तोंडी तक्रार लिहून घेऊन ती सही घेण्यापूर्वी तक्रारदाराला वाचून दाखवणे, गुन्हा नोंदवणे, त्याची प्रत देणे, जबाब नोंदवणे आणि ६० दिवसांत आरोपपत्र दाखल करणे, अशी ही कामे आहेत. विलंब झाला तर त्याचे कारण लेखी द्यावे लागते.

मात्र कलम ४ खाली अधिकाऱ्यावर गुन्हा दाखल होण्यासाठी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. म्हणजे कसूर झाली की नाही, हे आधी प्रशासनच ठरवते. पीडित कुटुंबाच्या दृष्टीने ही पायरी कठीण ठरते, कारण ज्या यंत्रणेविरुद्ध तक्रार आहे तिच्याच अहवालाची वाट पाहावी लागते. कोल्हापुरात १९१९ मध्ये अधिकाऱ्याला विचार करायला सहा आठवडे मिळत होते. त्यानंतर एकतर आदेश पाळायचा होता, नाहीतर खुर्ची आणि पेन्शन दोन्ही सोडायचे होते.