आकाशमार्गाचा टपालवाहक

ठाणे आणि कल्याण या गावांची वाऱ्याशी ओळख फार जुनी आहे. प्राचीन काळी कल्याणच्या बंदरातून शिडाची गलबते दूरदेशी जात. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडीचा मुलूख घेतला आणि येथेच आरमाराची जहाजे बांधण्यास आरंभ केला. या खाडीतून होडी पलीकडे नेणारा नावाडी समोरच्या धक्क्यावर थेट रोख धरीत नाही. ओढ ज्या बाजूने येते, त्या बाजूला तो होडीचे तोंड किंचित वळवून ठेवतो. होडी तिरकी दिसते, पण पोचते नेमकी धक्क्यावर. पाण्यातली हीच विद्या पुढे आकाशातही उपयोगी पडली. ती अंगी बाणवून भारतीय विमान वाहतुकीचा पाया घालणाऱ्या पुरुषाचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. जे. आर. डी. या आद्याक्षरांनीच ते सर्वांना परिचित झाले.

जे. आर. डीं.चा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील रतनजी हे टाटा उद्योगसमूहातील एक कर्ते पुरुष होते. आई सुझान फ्रेंच होत्या. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्दलो या गावी हे कुटुंब सुटीत राहावयास जाई. १९०९ साली इंग्लिश खाडी विमानाने ओलांडून जगाला थक्क करणारे लुई ब्लेरिओ यांचेही घर तेथेच होते. तेथील वाळवंटावर उतरणारी विमाने पाहून बालवयातच जे. आर. डीं.नी वैमानिक होण्याचा ध्यास घेतला. पंधराव्या वर्षी तेथेच त्यांना विमानातून प्रथम फेरी मारावयास मिळाली.

मनात असलेली प्रत्येक गोष्ट मात्र त्यांना लाभली नाही. केंब्रिजला जाऊन यंत्रशास्त्र शिकावे अशी त्यांची फार इच्छा होती. पण वडिलांनी बोलावून घेतल्यामुळे १९२५ च्या अखेरीस ते मुंबईस आले आणि टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून काम करू लागले. आई १९२३ मध्येच निवर्तल्या होत्या. १९२६ मध्ये वडिलांचेही निधन झाले आणि ऐन बाविशीत घराचा सारा भार त्यांच्यावर येऊन पडला.

मुंबईजवळ जुहू येथे विमानोड्डाण शिकविणारी संस्था निघताच जे. आर. डीं.ची जुनी ओढ पुन्हा जागी झाली. जुहूचा हा भाग १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. शिक्षकासमवेत जेमतेम चार तासांचे उड्डाण झाल्यावर त्यांनी एकट्याने विमान चालविले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात देण्यात आलेला तो पहिला परवाना होय.

पुढे, भारत आणि इंग्लंड यांमधील प्रवास एकट्याने विमानातून प्रथम पूर्ण करणाऱ्या भारतीयास आगाखानांनी पाचशे पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. जे. आर. डी. कराचीहून इंग्लंडकडे निघाले, तर अस्पी इंजिनिअर नावाचा एक किशोरवयीन स्पर्धक इंग्लंडहून कराचीकडे येत होता. इजिप्तमधील अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पींच्या इंजिनाला लागणारे स्पार्क प्लग त्यांच्यापाशी शिल्लक नव्हते आणि त्यामुळे ते अडकून पडले होते. त्यांना तसेच सोडून पुढे जाणे जे. आर. डीं.ना सहज शक्य होते. त्यांनी आपल्याजवळचे प्लग काढून दिले. अस्पी पुढे गेले आणि थोड्या तासांच्या अंतराने त्यांनीच स्पर्धा जिंकली. हेच अस्पी १९६० मध्ये भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. हातची बाजी गेल्याची खंत जे. आर. डीं.नी कधी बाळगली नाही.

त्या काळी इंग्लंडहून येणारे हवाई टपाल कराचीपर्यंतच विमानाने येई. तेथून पुढे ते आगगाडीने जाई आणि त्यात बराच वेळ मोडे. नेव्हिल व्हिन्सेंट या माजी सैनिकी वैमानिकाने हे टपाल विमानाने मुंबई व मद्रासला नेण्याची योजना मांडली. ती जे. आर. डीं.ना पसंत पडली आणि त्यांच्या खटपटीमुळे सर दोराबजी टाटांनी तिला संमती दिली. सरकारी होकार मिळण्यास मात्र तीन वर्षे लागली.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी प्रातःकाळी जे. आर. डीं.नी कराचीहून ‘पस मॉथ’ जातीचे विमान उडविले. विमानाला इंजिन एकच होते आणि बरोबर सुमारे पंचवीस किलो टपाल होते. वाट दाखविणारी बिनतारी यंत्रणा नव्हती. होकायंत्र, नकाशा आणि स्वतःचे डोळे यांवरच सारी भिस्त होती. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतील पेट्रोल विमानात भरण्यात आले. मग गुजरातचा मुलूख मागे टाकून ते दक्षिणेस आले आणि दुपारी दोनच्या सुमारास जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले.

असे हलके विमान उतरविणे हे उडविण्याहून अवघड असते. दुपारी किनाऱ्यावर समुद्राकडून वारा सुटतो. तो समोरून आला तर विमानाला हात देतो; पण बाजूने आला तर विमानाला मार्गावरून ढकलू पाहतो, आणि झोत एकसारखा नसला तर धोका दुणावतो. अशा वेळी वैमानिक खाडीतल्या नावाड्याप्रमाणेच विमानाचे नाक वाऱ्याकडे किंचित वळवून ठेवतो आणि मैदानाकडे येतो. वाऱ्याची झुळूक एकाएकी ओसरली तरी विमान खाली आदळू नये, म्हणून तो वेग थोडा अधिक राखतो. जमीन जवळ येताच पायाखालच्या पट्टीने सुकाणू दाबून तो नाक मार्गाच्या रेषेत आणतो, वाऱ्याकडचा पंख जरा खाली करतो आणि त्या बाजूचे चाक प्रथम टेकवितो. एवढ्यावर भागत नाही. शेपटीवर टेकणारी ती जुनी विमाने जमिनीवर आल्यावरही वातकुक्कुटाप्रमाणे वाऱ्याकडे गर्रकन फिरू पाहत; म्हणून विमान पूर्ण थांबेपर्यंत वैमानिकाला हातपाय सैल सोडता येत नसत. अखेरच्या क्षणी बेत जमत नाही असे दिसले, तर इंजिनाला जोर देऊन पुन्हा वर जावे आणि एक फेरी घेऊन नव्याने उतरावे, हाच शहाणपणाचा मार्ग. त्यात कमीपणा मानणाऱ्याला वारा क्षमा करीत नाही.

जुहूचे मैदान समुद्राच्या पातळीला इतके जवळ होते की पावसाळ्यात तेथे पाणी साचे. मग सारा बाडबिस्तरा पुण्याला हलवून येरवड्याजवळच्या मैदानावरून काम चाले. ढगांत बुडालेला सह्याद्री आणि घाटातील सोसाट्याचा वारा यांतून विमाने ये-जा करीत. असे असूनही १९३३ या वर्षात या सेवेने सुमारे एक लाख साठ हजार मैल प्रवास केला आणि टपाल ठरल्या वेळी पोचविले. या नियमितपणाची सरकारी अहवालानेही वाखाणणी केली. प्रत्येक पुर्जा तपासणे आणि प्रत्येक मिनिटाचा हिशेब ठेवणे हा जे. आर. डीं.चा दंडकच होता.

१९३८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष झाले. १९४२ मध्ये महायुद्धाच्या धुमश्चक्रीत व्हिन्सेंट यांचा विमानप्रवासातच अंत झाला आणि जे. आर. डीं.चा उजवा हात गेला. तरीही काम थांबले नाही. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. १९५३ मध्ये सरकारने विमान वाहतूक आपल्या ताब्यात घेतली. हा निर्णय जे. आर. डीं.ना रुचला नव्हता. पण रुसून दूर न बसता त्यांनी एअर इंडियाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि पंचवीस वर्षे ती संस्था जिवापाड जोपासली. १९७८ साली सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले, तेव्हा त्यांना अतिशय दुःख झाले.

तरीही विमानावरची त्यांची प्रीती आटली नाही. पहिल्या टपालफेरीला पन्नास वर्षे झाली, त्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, ‘लेपर्ड मॉथ’ नावाच्या जुन्या लहान विमानातून ते कराचीहून पुन्हा मुंबईस निघाले. तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. तरुणांच्या मनात नवी उमेद जागावी, हा त्यामागील हेतू होता. तेच जुहू, तोच समुद्र आणि तीच दक्षता! विमान सुखरूप टेकले, तेव्हा जमलेल्या लोकांना आनंदाचे भरते आले.

१९९२ मध्ये राष्ट्राने त्यांना ‘भारतरत्न’ हा किताब अर्पण केला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनीव्हा येथे त्यांचे देहावसान झाले.

वारा कोणाच्या आज्ञेत नसतो. जे. आर. डीं.च्या आयुष्यातही तो अनेकदा बाजूने आला: शिक्षण हुकले, स्पर्धा गेली, जोपासलेली संस्था दुरावली. वाऱ्यावर न रागावता त्यांनी आपल्या हातातील सुकाणू नीट सांभाळले. म्हणूनच त्यांच्या हातून एवढी कार्ये सुखरूप तीरास लागली.