अंकविद्येचे महामेरू : भास्कराचार्य

केळी आणि कापूस यांनी खानदेशला जसा लौकिक दिला, तसाच अंकविद्येनेही दिला आहे. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळचे पाटण हे त्या विद्येचे तीर्थ, आणि भास्कराचार्य हे तिचे महामेरू.

शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मध्ये शांडिल्य गोत्रातील विद्वान कुळात त्यांचा जन्म झाला. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडवीड हे त्यांचे नगर. त्याच्या स्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी या घराण्याचा पाटणशी असलेला संबंध शिलालेखाने सिद्ध झाला आहे. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. ६९ व्या वर्षी, इ.स. ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला.

लीलावतीत त्यांनी एकापासून परार्धापर्यंत संख्येची १८ स्थाने सांगितली. ग्रंथाच्या शेवटी ‘अंकपाश’ हे अंकांच्या मांडणीचे प्रकरण आहे. या विषयाची परंपरा जुनी होती. नवव्या शतकात जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात अनेक वस्तूंतून काही निवडण्याच्या प्रकारांचे सर्वसाधारण सूत्र दिले होते.

अंकपाशातील एका उदाहरणात २ ते ९ हे आठ अंक प्रत्येकी एकदाच घेऊन किती संख्या होतील व त्यांची बेरीज किती, असे विचारले आहे. संख्या होतात ४०,३२०. त्या एकाखाली एक मांडून बेरीज करण्यास आयुष्य पुरणार नाही. आचार्यांची रीत मात्र सुटसुटीत आहे. ४०,३२० ला अंकांच्या संख्येने, म्हणजे ८ ने भागावे, येतात ५,०४०. त्यास अंकांच्या बेरजेने, म्हणजे ४४ ने गुणावे, येतात २,२१,७६०. ही रक्कम आठही स्थानांवर एकेक घर सरकवून मांडावी व बेरीज घ्यावी. उत्तर येते २४,६३,९९,९९,७५,३६०. ही तेरा अंकी संख्या दोन महापद्मांहून मोठी आहे. तिच्या अंकांची बेरीज ७२ असल्याने तिला नवाने निःशेष भाग जातो.

आचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या, तर नातू चांगदेव सिंघणाच्या आश्रयास होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून चांगदेवांनी पाटणला मठ स्थापन केला. निकुंभवंशीय सोइदेवाने त्यास दान दिले. इ.स. १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंद असून डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये हा लेख जगापुढे आणला. त्यातील मराठी भाग विशेष मननीय आहे. बाजारात विक्रीस येणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजास मिळणारा कर मठाकडे वळविला गेला आणि प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल नेमून दिले गेले.

आचार्यांची विद्या पाटणला टिकली ती केवळ बुद्धीच्या बळावर नव्हे. बाजारपेठेतील लहानथोरांचा पळी-पळीने जमलेला वाटाही तिच्या पाठीशी उभा होता.