ॲलर्जीच्या गोळीने झोप का येते? गोष्ट डॅनियल बोवे यांच्या शोधाची

सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, वाहणारं नाक आणि डोळ्यांना खाज. एका अंगाला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेची धूळ आणि पावसाळ्यात भिंतींवर चढणारी बुरशी, अशा वाकोल्यात ॲलर्जीची सर्दी कुणाला नवीन नाही. मेडिकलमध्ये गोळी मागताना बरेच जण सोबत एक अटही घालतात, झोप येणारी नको. रिक्षा चालवायची असते, बीकेसीतल्या ऑफिसला पोचायचं असतं, मुलांचा अभ्यास घ्यायचा असतो.

ही अट पूर्ण व्हायला विज्ञानाला चाळीसहून अधिक वर्षं लागली. त्याची सुरुवात ज्यांनी केली, ते शास्त्रज्ञ म्हणजे डॅनियल बोवे.

प्राध्यापकाचा मुलगा पॅरिसला गेला

बोवे यांचा जन्म 23 मार्च 1907 चा, स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल भागातला. वडील पिएर बोवे मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक होते. डॅनियल यांनी जिनिव्हा विद्यापीठातून 1929 मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट गाठली. तिथे अर्नेस्ट फुर्नो यांच्या प्रयोगशाळेत नवनवी रसायनं बनायची आणि त्यातलं कोणतं औषध म्हणून चालेल, हे तपासलं जायचं.

बोवे यांचं पहिलं मोठं काम ॲलर्जीशी संबंधित नव्हतं. 1935 मध्ये जर्मनीतून प्रोन्टोसिल नावाचं लाल रंगाचं औषध आलं. जिवाणूंच्या संसर्गावर ते गुणकारी होतं, पण परीक्षानळीत काहीच काम करत नव्हतं. बोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की शरीरात गेल्यावर हे औषध तुटतं आणि खरं काम त्यातला सल्फानिलामाइड हा भाग करतो. हा पदार्थ 1908 पासूनच माहीत होता, त्यामुळे तो कुणा एका कंपनीच्या मालकीचा राहिला नाही. सल्फा औषधं स्वस्तात बनवण्याचा रस्ता त्यातून मोकळा झाला.

हिस्टामाइनला कुलूप

त्यानंतर बोवे वळले हिस्टामाइनकडे. धूळ, परागकण किंवा बुरशी नाकात गेली की ॲलर्जी असलेल्या माणसाचं शरीर तिला शत्रू समजतं आणि पेशींमधून हिस्टामाइन बाहेर सोडतं. शिंका, खाज, सूज आणि वाहणारं नाक यात मोठा हात त्याचाच असतो. ॲड्रेनालिन आणि ॲसिटिलकोलिन या शरीरातल्या इतर रसायनांना अडवणारे पदार्थ तेव्हा माहीत होते. हिस्टामाइनला अडवणारं मात्र काहीच नव्हतं.

1937 मध्ये बोवे आणि त्यांची तरुण सहकारी आन-मारी स्टॉब यांनी फुर्नो यांच्या रसायनांमधून असा पदार्थ शोधला. त्याचं नाव होतं 929 एफ. हिस्टामाइनचा जीवघेणा डोस दिलेले गिनिपिग या पदार्थामुळे वाचले. जगातलं पहिलं अँटीहिस्टामाइन सापडलं होतं.

पण ते माणसांना देता आलं नाही, कारण ते फार विषारी होतं. म्हणजे पहिल्याच पायरीवर एक गोष्ट स्पष्ट झाली. औषध काम करतं, एवढं पुरेसं नसतं. ते घेणारा माणूस सुरक्षितही राहिला पाहिजे.

1942 मध्ये फ्रान्समध्येच बर्नार्ड हाल्पर्न यांच्या संशोधनातून रुग्णांना देता येईल असं पहिलं औषध आलं, अँटरगन. 1944 मध्ये बोवे यांच्या गटाने मेपिरामिन आणलं. लोकांच्या शिंका थांबल्या, पण डोळेही मिटायला लागले.

झोप का यायची?

मेंदूत हेच हिस्टामाइन आपल्याला जागं ठेवायचं काम करतं. जुनी औषधं रक्तातून सहज मेंदूत शिरतात आणि तिथलंही हिस्टामाइन अडवतात. म्हणून सुस्ती येते. आपल्याकडची एव्हिल किंवा सर्दीच्या अनेक गोळ्यांमधलं क्लोरफेनिरामिन याच जुन्या पिढीतलं.

दरम्यान बोवे यांचं आयुष्य इटलीकडे वळलं. इटलीचे माजी पंतप्रधान फ्रांचेस्को निट्टी यांची मुलगी फिलोमेना यांच्याशी 1938 मध्ये त्यांचं लग्न झालं होतं. त्या स्वतः संशोधक होत्या आणि पुढे आयुष्यभर दोघांनी एकत्र काम केलं. 1947 मध्ये बोवे रोमच्या सरकारी आरोग्य संस्थेत दाखल झाले आणि नंतर इटलीचे नागरिक झाले. तिथे त्यांनी ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करणाऱ्या औषधांवर काम केलं. 1957 मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या वर्षी या विषयाचे ते एकटेच मानकरी होते.

झोप गेली, पण धोका आला

1980 च्या दशकात टर्फेनाडिन हे मेंदूत फारसं न शिरणारं औषध बाजारात आलं. ते प्रचंड खपलं. पण हे औषध यकृतात बदलून मगच काम करायचं. सोबत एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा केटोकोनाझोल हे बुरशीवरचं औषध घेतलं, की हा बदल थांबायचा. मूळ औषध रक्तात साठायचं आणि हृदयाचे ठोके बिघडायचे. काही रुग्णांचा त्यात जीव गेला.

बोवे 8 एप्रिल 1992 ला रोममध्ये वारले. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने टर्फेनाडिनवर ठळक इशारा छापायला लावला आणि पुढे 1998 पर्यंत ते तिथल्या बाजारातून गेलं. त्याची जागा घेतली फेक्सोफेनाडिनने. टर्फेनाडिनपासून शरीरात जो पदार्थ तयार व्हायचा, तोच हा, हृदयाचा तो धोका टाळून थेट गोळीत आणलेला.

आज गोळी घेताना

फेक्सोफेनाडिन आणि लोराटाडिनने झोप येण्याची शक्यता कमी असते. सेट्रिझिन आणि लिव्होसेट्रिझिन नव्या पिढीतलीच, तरी काहींना त्यांनी सुस्ती येते. म्हणून पहिल्यांदा घेताना गाडी चालवायची नसेल अशी वेळ निवडावी. मोठ्यांसाठी सेट्रिझिनचा नेहमीचा डोस दिवसाला एकदा 10 मिलिग्रॅम आहे. आराम पडला नाही म्हणून मनाने दुसरी गोळी घेऊ नये. दारूसोबत तर नकोच.

फेक्सोफेनाडिन पाण्यासोबत घ्यावं. संत्रं, सफरचंद किंवा ग्रेपफ्रूटच्या रसासोबत ते शरीरात कमी शोषलं जातं. ॲसिडिटीचं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं औषध आणि ही गोळी यांत अंतर ठेवावं. सर्दीची गोळी किंवा कफ सिरप चालू असेल तर त्यावरची नावं वाचावीत, नाहीतर एकाच वेळी दोन अँटीहिस्टामाइन पोटात जातात. किडनीचा आजार असेल, गरोदरपण असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. इतर औषधं सुरू असतील तर तीही सांगावीत.

आणि ओठ-जीभ सुजली, श्वास लागला किंवा चक्कर येऊन माणूस कोसळला, तर ही गोळी पुरेशी नाही. अशा वेळी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. गोळीचा परिणाम होईल म्हणून वाट बघत न बसता लगेच 108 ला फोन करावा किंवा जवळचं हॉस्पिटल गाठावं.