गणित आणि भौतिकशास्त्र यांचा दुहेरी उपासक : प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर

बारावीचा निकाल लागला की संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी व नगर येथील आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत एक प्रश्न हमखास निघतो : गणित आणि भौतिकशास्त्र हे दोन्ही कठीण विषय एकत्र घेणे झेपेल काय? या विषयांच्या सीमेवरच आयुष्य घालविलेल्या एका महाराष्ट्रीय प्राध्यापकांचे चरित्र म्हणून आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. अहिल्यानगर जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, तेथेही त्यांनी अध्यापन केले होते.

विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापूर येथे झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ साली पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले. १९३० मध्ये ते रँग्लर झाले. पुढे आयझॅक न्यूटन शिष्यवृत्ती व रॅले पारितोषिकही त्यांनी मिळविले. गणिताची ही परीक्षा देतानाही त्यांचे मन आकाशाकडे होते. खगोलशास्त्रज्ञ सर आर्थर एडिंग्टन यांच्या सहवासात आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाची गोडी त्यांना लागली.

याच एडिंग्टन यांच्याकडे काही वर्षे आधी, १९२३-२४ मध्ये, एक तरुण कॅथोलिक धर्मगुरू शिकून गेले होते. ते बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र. लूव्हाँच्या कॅथोलिक विद्यापीठात त्यांनी प्रथम अभियांत्रिकी निवडली होती, परंतु पहिल्या महायुद्धातील सैनिकी सेवेनंतर ते गणित व भौतिकशास्त्राकडे वळले. १९२० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि १९२३ मध्ये गुरुदीक्षा. विश्व प्रसरण पावत आहे, हे त्यांनी १९२७ च्या निबंधात मांडले. तो निबंध प्रथम फारसा कोणी वाचला नाही. एडिंग्टन यांनी त्याचे महत्त्व जगापुढे आणले, त्या काळात नारळीकर केंब्रिजमध्येच होते.

१९३२ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. वय अवघे चोवीस! संशोधनाची साधने तुटपुंजी, केंब्रिज दूर. तरीही सापेक्षतावादाचे अध्ययन त्यांनी तेथे रुजविले. १९४२ मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गुजराती तरुण त्यांच्याकडे येऊन राहिले. ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे जे गणिती उत्तर १९१६ पासून ठाऊक होते, त्यात ताऱ्याबाहेरचा अवकाश संपूर्ण रिता धरलेला होता. खरा तारा मात्र प्रकाश ओततो, त्यामुळे त्याचे वस्तुमान घटत जाते आणि भोवतालचा अवकाश रिता राहत नाही. ही भौतिक वस्तुस्थिती समीकरणांत आणावयाची होती. १९४३ मध्ये वैद्यांनी ते साधले, आणि त्यांचे उत्तर आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. केवळ समीकरणे सोडविणाऱ्यास ही उणीव जाणवली नसती, आणि केवळ प्रयोग करणाऱ्यास ती भरून काढता आली नसती, असे आम्हांस वाटते.

१९६० मध्ये बनारस सोडून त्यांनी राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारले. त्यानंतर ते पुणे विद्यापीठात उपयोजित गणिताचे लोकमान्य टिळक प्राध्यापक झाले. (टिळकही गणिताचेच पदवीधर, हे येथे आठवते.)

त्यांच्या घरातील एक गोष्ट कॅथोलिक वाचकांना विशेष रोचक वाटेल. त्यांचे पुत्र जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांनी फ्रेड हॉईल यांच्यासमवेत विश्वाला आरंभ नसल्याचा सिद्धांत पुरस्कारिला. म्हणजे फादर लमेत्र यांच्या विश्वारंभाच्या कल्पनेला थेट विरोध! आपल्यापैकी काहींना यात श्रद्धेवरचा घाला दिसेल. स्वतः लमेत्र यांना तसे वाटले नसते. १९५१ मध्ये परमगुरू पायस बारावे यांनी विश्वारंभाच्या सिद्धांताची सांगड निर्मितीच्या श्रद्धेशी घातली, तेव्हा फादर लमेत्रच अस्वस्थ झाले होते. आपला सिद्धांत गणिताने व निरीक्षणानेच खरा किंवा खोटा ठरावा, अशी त्यांची भूमिका होती. विश्वारंभाचा पुरावा मानले जाणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडल्याची वार्ता त्यांना १९६६ मध्ये मृत्यूच्या थोडेसे आधी समजली.

प्रा. विष्णु नारळीकर यांचे निधन १ एप्रिल १९९१ रोजी पुण्यात झाले. तत्पूर्वी तीनच वर्षे, १९८८ मध्ये, पुणे विद्यापीठाच्याच परिसरात जयंतरावांच्या नेतृत्वाखाली ‘आयुका’ ही खगोलविज्ञान संस्था स्थापन झाली होती.