विश्लेषण : अंगणवाडीतल्या रंग-आकारांच्या खेळामागे कोण होते?

भंडारा जिल्ह्यातल्या अंगणवाडीत चिंचोके, खडे, पाने घेऊन मुले रंग आणि आकार ओळखायला शिकतात, त्या खेळाचे मूळ ताराबाई मोडक यांच्या कामात सापडते.

ताराबाई कोण होत्या?
१८९२ मध्ये मुंबईत जन्म. १९१४ मध्ये पदवी. लग्नानंतर त्या अमरावतीस आल्या. पुढे राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. तेथून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

अडचण काय होती?
मॉन्टेसरी पद्धतीत मूल हात लावून शिकते. आधी सारख्या रंगांच्या जोड्या लावायच्या, मग रंगाचे नाव ऐकायचे, शेवटी स्वतः सांगायचे. पण त्यासाठीचे रंगपाट्या, ठोकळे हे साहित्य महाग. दादरच्या शिशुविहारात ते परवडले, तरी गरिबाच्या मुलाचे काय, हा प्रश्न उरलाच.

उत्तर कुठे मिळाले?
१९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. शंखशिंपले, बिया, पाने हेच तिथे शिक्षणसाहित्य झाले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात भरू लागली. हीच अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या आदिवासी भागात गेले. धाकट्या भावंडांना सांभाळण्यापायी मोठ्यांची शाळा बुडे. म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली.

पुढे काय झाले?
१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी देशात ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

भंडाऱ्यासाठी याचा अर्थ काय?
विकतचे साहित्य नसले तरी खेळ अडत नाही. पळसाचे फूल केशरी, धानाचे रोप हिरवे, पितळी ताटली गोल. मुलाला आधी हाताळू द्यावे, जोड्या लावू द्याव्यात, नाव नंतर सांगावे. चुकले तर रागावू नये, पुन्हा खेळू द्यावे. घरच्या अंगणातही हे रोज दहा मिनिटे जमते.